लंगडणारा कवी

हेस्टर स्कार्थ या बाईंच्या पत्राला ऑस्विन पेलिंग यांनी उत्तर दिलं नव्हतं. हिवाळा सरला तरी ते पत्र मनातून जाईना. मागणी एकच होती : माझ्या भावाला नीट चालू द्या.

भाऊ म्हणजे लॉरेन्स स्कार्थ, यॉर्कशरच्या किनाऱ्यावरचा, तरुणपणीच वारलेला कवी. पेलिंगनी त्याचं चरित्र लिहिलं होतं. जन्मभर दुसऱ्यांच्या पुस्तकांवर लिहिणाऱ्या या भिडस्त समीक्षकाला त्या चरित्रानं नाव मिळवून दिलं, तेही तिसऱ्या प्रकरणामुळे. स्कार्थच्या ओळी मध्येच अडखळतात, त्यावरून तो डाव्या पायानं लंगडत असावा, असं त्यांनी ताडलं होतं. लंडनच्या विद्वानांनी माना डोलावल्या. त्याला चालताना पाहिलेल्या माणसाला विचारावं, हे कुणालाच सुचलं नाही. पेलिंगना तर नाहीच.

शेवटी एप्रिलमध्ये ते स्वतःच बाईंच्या दारात जाऊन उभे राहिले.

"टपालाचा खर्च वाचवलात वाटतं?" बाई म्हणाल्या.

"मला... काय लिहावं ते कळेना."

"पुस्तक लिहिताना बरं कळलं. बसा. चहाच्या वेळी येतो तो."

चहा ओतला गेला. पेलिंगच्या हातातला लोण्याचा पाव हातातच राहिला. वरच्या रिकाम्या खोलीत कुणीतरी चालत होतं. एक पाऊल ठाम पडे, दुसरं फरपटत येई.

बाईंनी मान वर केली नाही. "गेल्यानंतरही लॉरेन्स रोज चालायचा. भरभर, सरळ, जिवंतपणी चालायचा तस्साच. सोबत वाटायची हो. तुमचं पुस्तक आलं आणि त्याचं येणं बंद झालं. त्याच्या जागी हा आला. हा माझा कुणी नव्हे, मिस्टर पेलिंग. हा तुमचा."

पावलं जिन्याच्या तोंडाशी येऊन थांबली, कुणी कान देऊन ऐकावं तशी.

"नवी आवृत्ती निघतेय म्हणे," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "ऐंशी उलटली माझी. जाण्याआधी एकदा त्याला ऐकायचंय."

पेलिंग लंडनला परतले. तिसरं प्रकरण काढलं तर पुस्तकात उरणार काय? आणि आपल्यात तरी?

"अहो, लोक त्यासाठीच तर पुस्तक घेतात," प्रकाशक म्हणाला. "बाकीचं मीही वाचलेलं नाही."

पेलिंग बरेच दिवस ती पानं नुसती चाळत राहिले. मग एका सकाळी त्यांनी सगळ्या प्रकरणावर काट मारली आणि पानं छापखान्याकडे धाडून दिली.

घरात ते एकटेच राहत. त्याच दुपारी ते चहा घेत असताना वरच्या मजल्यावर एक पाऊल ठाम पडलं, दुसरं फरपटलं. त्यांनी कप खाली ठेवला. मग कागद पुढे ओढला. काय लिहायचं ते आता कळत होतं.

"मिस स्कार्थ, तो माझ्याकडे आला आहे. तुमची वरची खोली आता मोकळी असेल."

टोपी घालून ते बाहेर पडले. फरसबंदीवर त्यांच्या मागोमाग तो पाय फरपटत येऊ लागला. पेलिंगनी मागे वळून पाहिलं नाही. फक्त त्याला गाठता यावं म्हणून आपली चाल जरा मंद केली, आणि कोपऱ्यावरच्या तांबड्या पेटीत पत्र टाकलं.