हातभर उंचीला बारा हात

त्या वर्षी कापूस बुडाला आणि यवतमाळातली एक जिनिंगची शेड रिकामी पडली. ती एका कंपनीने भाड्याने घेतली. त्यांना दूर कुठेतरी विमानतळ बांधायचा होता आणि त्याच्या दाराशी जाणारा उतार आधी फळ्यांचा करून बघायचा होता. चाकाच्या खुर्चीतून तो चढून दाखवायला त्यांनी बोलावलं कुणाला? मला! मुकुटबनच्या दीपमालाला! पायरी दिसली की उतारासाठी अर्ज टाकायची माझी खोड शेवटी कामी आली.

एसटीत मी बाबांना मिनिटभर गप्प बसू दिलं नाही. बाबा, म्हणजे डोमाजी गवंडी. मी पाच वर्षांची असल्यापासून माझ्या खुर्चीमागे त्यांचे हात. घरचा ओटा हातभर उंच. त्याला त्यांनी तीनदा उतार केला, तीनदा मोडला. चौथ्यांदा मी एकटी वर गेले. जगात मी एकटी कुठे चढत असेन तर तिथेच. आणि आज थेट विमानतळ!

उतार आखणारे अनिमेष साहेब शेडमध्ये हौसेने उभे होते. चौथरा हातभर उंच, फळ्या सहा हात. म्हणाले, "या ताई, चढा!"

मी जोर लावला. अर्ध्यातच चाकं अडली. खांदे भरून आले, खुर्ची मागे सरकायला लागली. बाबा धावले.

"हात नका लावू, बाबा!" मी ओरडले आणि ब्रेक दाबला.

"तिथे ढकलायला माणूस असेलच की," साहेब म्हणाले. "पास करून टाकू." त्यांनी सहीसाठी पेनही उघडलं.

माझं टाळकंच सटकलं. ती एक सही झाली, की माझ्यासारख्या प्रत्येकाने त्या दाराशी कुणाच्या तरी हाताची वाट बघायची.

"मले माणूस नाही पाह्यजे, साहेब. उतार पाह्यजे. तुम्हीच बसा बरं खुर्चीत!"

बाबांनी मला खाली आणून स्टुलावर बसवलं. साहेब खुर्चीत बसले, हसत हसत निघाले आणि अर्ध्यात लालबुंद झाले. "अहो, धरा कुणीतरी!"

बाबांनी धरलं. साहेबांनी उतरून पेनाला टोपण लावलं. "किती लांब हवा मग?"

"हातभर उंचीले बारा हात," बाबा म्हणाले. "घरी तीनदा मोडला, तवा समजलं."

लगेच ठोकाठोकी सुरू झाली. बाबा हातोडा घेऊन, मी तोंड घेऊन. चहा आला तोही मी घेतला नाही.

मग निघाले. एक रेटा, दुसरा, तिसरा. चाकं चालतच राहिली. पोचले! वर नुसतं खडूने 'दार' लिहिलेलं होतं, पण मला आनंदाने काही सुचेना.

"बाबा, आली मी!"

वळून पाहिलं तर सवयीने बाबा माझ्या मागोमागच चढून आले होते. फक्त या वेळी त्यांनी आपले दोन्ही हात स्वतःच्या पाठीमागे घट्ट धरून ठेवले होते.