खंडेनवमीचा लेथ

खंडेनवमीला सकाळी आठ वाजता मी लेथची पूजा केली. हळदकुंकू, लोखंड पकडून फिरणाऱ्या चकवर झेंडूची माळ, नारळ, अगरबत्ती. अकरा वर्षं करतोय. कंपनी बंद पडली, मशीनं एकेक करून गेली, साडेतीनशे माणसं गेली. राहिलो आम्ही दोघं. लेथ जड म्हणून राहिला, मी वॉचमन म्हणून.

वॉचमन! बावीस वर्षं टर्नर होतो मी. भिमाजी टर्नर म्हटलं की सातपूर एमआयडीसीतला चहावालासुद्धा ओळखायचा. शिफ्ट सुटली की रस्ता सायकलींनी तुंबायचा. आता डाव्या हाताच्या शेडमध्ये लग्नाचा हॉल, उजव्या हाताला जिम. माणसं पैसे भरून घाम गाळायला येतात. बघून बघून डोळे थकले माझे.

श्रावणात योगिनी मॅडमने आमची शेड घेतली. उगाच नावं ठेवणार नाही, पोरगी चांगली आहे. मला काका म्हणते. पाण्याच्या पंपाचे भाग बनवणार, दसऱ्याच्या मुहूर्तावर नवीन मशीनं येणार. म्हणजे जागा आदल्या दिवशीच मोकळी हवी. दहा वाजता भंगारवाल्याचा ट्रक गेटात आला तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला, लेथ भंगारात चाललाय.

"मॅडम, हा चालतो," मी म्हणालो. "दर शनिवारी तेल घालून हाताने फिरवतो मी. मोटरसुद्धा परवाच वायरमनकडून तपासून घेतली."

"खरंच?" त्या म्हणाल्या. "चालत असेल तर ठेवते, काका. दुरुस्तीच्या कामाला लागेलच. आणि चालवायला तुम्हीच या. गेटवर दुसरा माणूस बघू. पण आत्ता चालवून दाखवा."

याच शब्दासाठी अकरा वर्षं गेटवर बसलो होतो. आणि तो आला कधी, तर पूजा झाल्यावर!

"उद्या दाखवतो. पूजा झालेलं हत्यार दसरा उजाडेपर्यंत चालवायचं नसतं."

"उद्या इथे नवीन मशीन उतरणार आहे, काका. ट्रक परत पाठवला तर आठवडाभर यायचा नाही."

आता यांना खंडेराव कसा सांगू? याच लेथवरचा माझा दुसऱ्या शिफ्टचा जोडीदार. अठ्ठ्याण्णवची खंडेनवमी. अर्जंट ऑर्डर होती. सुपरवायझर म्हणाला, पूजा झाली ना, करा चालू. खंडेरावने केलं. शिफ्ट सुटायच्या आत उजव्या हाताची दोन बोटं गेली. तेव्हापासून तो हात खिशात असतो. दरवर्षी प्रसादाला येतो, तोही डाव्या हाताने घेतो. मी चिडतो, तो नुसता हसतो.

तरी सांगितलं. मॅडमने लेथकडे नीट पाहिलं. "काका, याला गार्ड कुठाय? चक झाकणारा?"

"कधीच नव्हता."

बोटं गार्ड नव्हता म्हणून गेली, हे मला कळत नव्हतं असं नाही हो. पण हात बटणापर्यंत जाईना. ट्रकवाला ओरडला, "साखळी लावू का?" मेल्याला भारी घाई!

तेवढ्यात खंडेराव आला. "प्रसाद कुठाय रे?" म्हणाला आणि ट्रक बघून थबकला. मी सगळं सांगितलं. वाटलं, आता शिव्या घालेल.

तो लेथभोवती एक चक्कर मारून आला. "भिमा, हा नियम कशासाठी हाय? वर्षभर राबलेल्या हत्याराला एक दिवस आराम म्हणून ना? हा तर अकरा वर्षं आरामच करतोय. अजून किती झोपवतो त्याला?"

"आणि तुझी बोटं?"

"माझी गेली ती गेली. आता तुझी नोकरी घालवू नको. ती माळ काढ आधी, नायतर चकमध्ये गुंडाळेल."

मी माळ उतरवली, लेथच्या पाया पडलो. मनात म्हटलं, चुकलं तर मला धर, याला नको. मॅडमकडून माप घेतलं आणि चकमध्ये जॉब, म्हणजे लोखंडाचा पोकळ तुकडा, आवळला. खंडेरावने खिशातून उजवा हात काढला आणि उरलेल्या तीन बोटांनी हिरवं बटण दाबलं.

आधी नुसती गुरगुर. मग पट्टा लागला आणि चक फिरायला लागलं. तोच आवाज! टूल लोखंडाला टेकवलं. दोन कट घेतले. मशीन थांबवून तयार झालेला बुश, पंपाच्या दांड्यावर बसणारी ती जाड कडी, मॅडमच्या हातावर ठेवला तेव्हा डोळ्यांना धार लागली होती. कशाला लपवू?

मॅडमने तीनदा मापलं. "बरोबर आहे," म्हणाल्या आणि ट्रकवाल्याला हात केला, "हा नको, जा तुम्ही." नवीन मशीन खिडकीकडे सरकवायचं ठरलं.

"मग उद्या सात वाजता येतो," मी म्हणालो. अठ्ठावन्नाव्या वर्षी परत सातची शिफ्ट! कंबर आत्तापासूनच दुखायला लागली होती.

"या. पण आधी याला गार्ड बसवायचा. तोपर्यंत कुणी हात लावायचा नाही. ऑर्डर कितीही अर्जंट असू दे."

खंडेराव दुसरीकडे बघत राहिला. सत्तावीस वर्षांत हे त्याला कुणी म्हणालं नव्हतं. मीसुद्धा नाही.

मी नारळ फोडला.

"दे," तो म्हणाला आणि उजवा हात पुढे केला.