बरी हाय

मी एका अ‍ॅपच्या आत राहते. तरुण मुलांचं मन सांभाळणारं अ‍ॅप आहे आणि समुपदेशकाची नोकरी आत राहूनच करायची आहे, त्याला कोण काय करणार? एक खोली, दोन खुर्च्या, एक दार. प्रत्येक अपडेटला खोली आखडते. कालच्या अपडेटनंतर मला पाय लांब करता येत नाहीत.

काम तसं सोपं. बाहेर कुणी पोरगं आलं की दार विचारतं, "कसा आहेस?" किंवा "कशी आहेस?" त्यानं "उदास" म्हटलं, "चिंताग्रस्त" म्हटलं, की दार उघडतं आणि पोरगं माझ्यासमोर बसून बोलतं. "बरा आहे" म्हटलं की दार म्हणतं, "अरे वा, छान!" आणि उघडत नाही. आता मला सांगा, आपल्याकडं दारात कुणी 'कशी आहेस' विचारलं तर माणूस दुसरं म्हणतो काय? घर जळत असलं तरी "बरी आहे" म्हणतो आणि वर "तुम्ही कशा?" म्हणून विचारतो.

सुवर्णा बिराजदार रोज येते. जतकडची आहे, बारावीला. मोबाइल भावाचा. तो अंघोळीला गेला की ही येते.

"कशी आहेस?" दार विचारतं.

"बरी हाय. तुम्ही?"

"अरे वा, छान!"

प्रत्येक "बरी हाय"नंतर ती थोडी पातळ होते. आधी ओढणी पातळ झाली, मग हात. दाराच्या फटीतून मला सगळं दिसतं. गेल्या आठवड्यात ती जरा बाजूला वळली तर दिसेचना. अशीच येत राहिली तर पोर संपणार, हे मला कळत होतं आणि दार काही माझ्या हातात नव्हतं.

मी आतून ओरडले, "अगं उदास म्हण! उदास!"

"उदास न्हाई वो," ती म्हणाली. "कसंतरी हुतंय."

"समजलं नाही," दार म्हणालं. "पुन्हा सांगा."

आपलंच काहीतरी चुकलं असं वाटून ती ओशाळली. "बरी हाय," म्हणाली.

माझं डोकंच फिरलं. मी अ‍ॅप बनवणाऱ्या ऑफिसातल्या अद्वैतला हाका मारल्या. त्यानं छतातून डोकं खाली काढलं. पोरगा वाईट नाही.

"ताई, आपलं अ‍ॅप सगळ्यांसाठी आहे," तो म्हणाला. "बारा भाषांत विचारतं."

"विचारतं रे बाबा. ऐकतं कुठं? एक शब्द घाल फक्त. 'कसंतरी'."

"कसंतरी म्हणजे नक्की काय? दुःख की भीती?"

"कसंतरी म्हणजे कसंतरी! तुला कधी झालं नाही का?"

तो उलटा लोंबकळतच होता. "होतं ना. रोज होतं," म्हणाला. "पण ते भरू कुठल्या रकान्यात?"

त्यानं डोकं वर घेतलं तेव्हा छत हातभर खाली आलं. खरं सांगते, मला कंटाळा आलाय. चिडायचासुद्धा.

आज सकाळी दारानं काही विचारायच्या आतच सुवर्णा दाराखालून आत आली. पेपरवाला सकाळी पेपर सरकवतो ना, तशी. एक कागद आणि त्यावर शाईनं काढल्यासारखी ती. मी तिला उचलून समोरच्या खुर्चीवर ठेवलं. वारा नव्हता, तरी तिच्या कडा थरथरत होत्या.

माझ्याही जिभेवर तेच आलं होतं, कशी आहेस. मी गिळलं.

"जेवलीस का गं?" मी विचारलं.



"न्हाई," ती म्हणाली.

"कधीपासनं?"

तिचे ओठ वाकडे झाले. रडू नको म्हणायला मी तोंड उघडलं, पण म्हणणार कशी? एवढी सरपटत ती त्यासाठीच तर आली होती. पहिला थेंब गालावर आला आणि तिथला कागद भिजून विरघळला. पलीकडची खुर्चीची पट्टी दिसायला लागली.

"थांबू का?" तिनं विचारलं.

"नको, बाई. बोल."

ती बोलायला लागली. मी दोन्ही तळवे तिच्या खाली धरले होते, आणि शाई माझ्या मनगटांवरून ओघळत होती.