दोनदा दाबलेलं बटण

मी बोलतोय असं म्हणायला जीभ चाचरते, कारण मला बोलता येतच नाही. मला फक्त हाक मारता येते. मी एक वायरलेस कार्ड, समोरच्या खोलीतल्या जुन्या कॉम्प्युटरच्या पोटात बसवलेलं. मागच्या खोलीत आई अंथरुणाला खिळून आहेत. आजारपणात त्यांचा आवाज पार बसला, दारापलीकडे ऐकू जात नाही. म्हणून उशाशी एक बटण आहे. ते दाबलं की मला कळतं. मी प्रोसेसरला हाक मारतो, 'हातातलं टाक आणि आधी इकडे ये!' मग स्पीकरवर घंटा वाजते आणि शब्दकोडं सोडवत बसलेले बाबा चष्मा कपाळावर सारून आत जातात.

हा सगळा खटाटोप त्यांच्या लेकीचा. माझं आणि कॉम्प्युटरचं जमवून देणारा प्रोग्राम, ज्याला ही मंडळी ड्रायव्हर म्हणतात, तोही तिनेच लिहिला आणि मग ती परगावी नोकरीवर गेली. पोर हुशार. पण तिथेच माशी शिंकली.

आलेला निरोप नोंदवताना प्रोसेसर नोंदींच्या खोलीला, म्हणजे मेमरीच्या एका कोपऱ्याला, आतून कडी लावतो, कुणी ढवळाढवळ करू नये म्हणून. रीत चांगलीच आहे. पण नेमकी तेव्हा मी हाक मारली, की हा पठ्ठ्या काम अर्धवट टाकून खिडकीतून उडी मारतो, माझा निरोप घेतो आणि तो नोंदवायला त्याच खोलीच्या दाराशी येतो. दार बंद. आतला कडी काढेल म्हणून हा वाट बघत उभा. आतला कोण? हाच की! सगळा कॉम्प्युटर ठप्प होतो आणि मी बोंबलत बसतो.

अशाच एका दुपारी आईंनी बटण दाबलं, कुणी आलं नाही, म्हणून त्या स्वतःच उठायला गेल्या आणि पलंगाखाली कोसळल्या. बाबा संध्याकाळी चहा घेऊन गेले तेव्हा त्या फरशीवर होत्या. बाबांचा तेव्हाचा आवाज पुन्हा ऐकायची माझी ताकद नाही.

लेक तातडीने आली. बटण हातात घेऊन तिने किती वेळा दाबलं! दर वेळी घंटा वाजली.

"तू आलीस की कसं सुतासारखं सरळ चालतं बघ," बाबा म्हणाले.

मी आतल्या आत तडफडत होतो. अगं, तू दाबतेस तसं आई दाबत नाहीत! पण सांगणार कसं? शेवटी वैतागून तिने आईंना खुर्चीत बसवून माझ्यासमोर आणलं.

"आई, आता तू दाब. रोज दाबतेस तस्सं."

आईंनी दाबलं. लगेच पुन्हा दाबलं. दुसरी हाक नेमकी कडी लागलेली असताना आली आणि पडदा जागच्या जागी गोठला.

"दोनदा का गं?"

"एकदा दाबलं तर कळतं का तुम्हाला?" आई पुटपुटल्या. "तरी कुणी आलं नाही, तर थोडं थांबून तिसऱ्यांदा दाबते."

लेक तडक कीबोर्डकडे वळली. मग तिने ड्रायव्हर उघडला. कडी लागलेली असताना माझी हाक थोपवून धरायची, कडी निघाली की लगेच ऐकायची. बदल म्हणाल तर एवढाच. आईंनी मुद्दाम कितीदा तरी दाबून पाहिलं. एकही घंटा चुकली नाही, तशा त्या हसल्या.

"बाबा, घंटा आता वाजणारच. तुम्ही फक्त उठायचं."

"उठतो गं बाई. मी काय इथे अंडी उबवतोय?"

लेक परत नोकरीवर गेली. सुरुवातीला बाबा उठायचेही. पण आईही निर्धास्त दाबू लागल्या. कधी पाणी, कधी खिडकी, कधी नुसतंच 'वाजतंय का बघितलं'. बाबाही माणूसच, ते कंटाळले. आधी त्यांनी आवाज कमी केला. मग बसल्या जागेवरून सांगू लागले, "आलो गं, एवढा शब्द बसू दे." लेकीने ड्रायव्हरमधली कडी सोडवली, बाबांची कोण सोडवणार? मला भारी वाईट वाटतं, पण माझ्या वाटण्याने स्पीकरचा आवाज वाढत नाही.

मघाशी बटण दोनदा दाबलं गेलं. मी दोन्ही हाका पोचवल्या. घंटा दोन्ही वेळा वाजली, हळू पण स्पष्ट. "आलो गं," बाबा म्हणाले आणि पेन्सिल चावत राहिले. आडवा चार अक्षरी शब्द अडलाय.

तिसऱ्यांदा दाबायची वेळ केव्हाच टळून गेली. मी कान लावून बसलोय. आलेली हाक मी काहीही झालं तरी पोचवीन, पण न आलेली कशी पोचवू?

बाबा, उठा हो. शब्द कुठे पळून जात नाही.