उस्तादांची खूण

भट्टी बंद झाली आणि काका घरी बसले. घरी बसले म्हणजे नुसते बसले नाहीत, बायकोच्या, म्हणजे मावशीच्या, डोक्यावर बसले. तिला अख्खी गल्ली मावशीच म्हणायची, तेव्हा आपणही तेच म्हणू. मावशी घरीच लोकांचे कपडे शिवून, उसवून, पुन्हा बेतून द्यायची. आता तिच्या शिवणयंत्राचं तेल, तिच्या कात्रीची धार, तिचा दिवा, सगळ्यात काकांना खोट दिसायला लागली होती. सगळा जन्म काचेच्या कारखान्यात गेलेला माणूस. हाताला काम नाही म्हटल्यावर बिचारा दुसरं करणार तरी काय?

कारखान्याने जुनी भट्टी विझवली तेव्हा तिच्यावरच्या जुन्या माणसांना एकदमच निवृत्त केलं होतं. प्रत्येकाच्या वाट्याला दोन गोष्टी आल्या. एक निवृत्तीचं खातं, ज्यात वर्षानुवर्षं पगारातून कापलेले पैसे साठले होते. दुसरी सरकारी पेन्शन, ती पुढच्या महिन्यापासून सुरू व्हायची होती. काकांचा बेत सरळ होता: खातं एका दमात रिकामं करायचं, गळकं छप्पर बदलायचं आणि उरलेले पैसे बँकेत टाकायचे. "आणि आयकराचं काय?" असं मावशीने विचारलं. "त्याचं काय?" असं काकांनी उलट विचारलं. मावशीने कपाळाला हात लावला आणि त्यांना भाचीकडे नेलं.

भाची म्हणजे मावशीच्या बहिणीची मुलगी. लोकांचे आयकराचे कागद भरून देण्याचा तिचा धंदा. वह्या-पेनांच्या दुकानाच्या वर तिची एक खोली होती आणि तिथल्या एकुलत्या एका पाहुण्यांच्या खुर्चीवर नेहमी फायली बसलेल्या असायच्या.

"काका, सगळं एकदम काढलंत तर सगळं याच वर्षाचं उत्पन्न धरतील," फायली उचलत ती म्हणाली. "जन्मात भरला नसेल एवढा कर बसेल. छपरापुरतं काढा. बाकीचं दर वर्षी थोडं थोडं घ्या."

"पैसे माझेच आहेत ना?"

"तुमचेच. पण कापले तेव्हा सरकारने त्यावर कर सोडला होता. तो आता मागणार."

काकांना हे पटलं होतं, पण पटल्याचं त्यांनी चेहऱ्यावर दिसू दिलं नाही. भाची पुढचा कागद वाचायला लागली आणि मध्येच थांबली.

"काका, तुम्ही जास्तीची पेन्शन घेतलीत. मग मावशीचं काय?"

"तिचं काय म्हणजे? पेन्शन घरातच येणार की."

"तुम्ही आहात तोवर. हा पहिला पर्याय आहे. यात महिन्याला जास्त मिळतं, पण तुमच्यानंतर सगळं बंद. दुसऱ्यात जरा कमी मिळतं, पण तुमच्यामागे मावशीला अर्धी पेन्शन शेवटपर्यंत चालू राहते." मग ती मावशीकडे वळली. "आणि याला तुझी संमती आहे. ही बघ सही."

सही मावशीचीच होती. तिला तो दिवस आठवलाही. ती कुणाच्या तरी कोटाला बटणं लावत होती, काकांनी कागद पुढे सरकवून "इथे" म्हटलं आणि तिने बोटातलं अंगुस्तानही न काढता सही ठोकून दिली होती.

"बदलता येईल?" मावशीने विचारलं.

"पहिली पेन्शन खात्यात पडेपर्यंत. एकदा पडली की कायमचं. पेन्शन कमी झाली की त्यावरचा करही कमी होतो, तेव्हा हातात येणाऱ्या पैशांत वाटतो तेवढा फरक नाही पडत. पण दोघांनी मिळून ठरवा."

दोघांनी मिळून काही ठरवलं नाही, कारण मावशी बोलेचना. घरी आल्या आल्या ती यंत्रावर बसली आणि असं काही पायडल मारायला लागली की बिचाऱ्या कापडाची दया यावी. तिला वाईट वाटलं होतं, आणि ते पैशांचं नव्हतं. भट्टी विझायच्या आधी या माणसाने आपले चिमटे कुणाला द्यायचे, फुंकनळी कुणाला द्यायची, आपलं स्टूल कुणाला द्यायचं, इथवर विचार केला होता. बायकोचा नंबर त्या यादीत कुठेच लागला नाही, हे तिला खुपत होतं. आपण यांच्यामागे कुणाच्या दारात जाऊन उभं राहायचं?

काका दोनदा पाणी प्यायले, एकदा उगाच खिडकी उघडून लावली. शेवटी यंत्र थांबलं.

"एवढं तरी सांगा, मला वाऱ्यावर सोडताना काय विचार केलात?"

"विचार केलाच नाही गं," काका म्हणाले, आणि ते अगदी खरं होतं. "कागद आले त्या दिवशी आम्ही सगळे एका बाकावर बसलो होतो. उस्तादांनी जिथे खूण केली, तिथे सगळ्यांनी केली."

इथे उस्तादांविषयी, म्हणजे काकांच्या टोळीच्या मुख्य कारागिराविषयी, सांगायला हवं. भट्टीपुढे आवाज एवढा की बोललेलं ऐकू येत नाही, आणि तापलेली काच कुणासाठी थांबत नाही. म्हणून त्या टोळीत एकच रीत होती: उस्ताद नळी फिरवतील तशी फिरवायची, ते मागे सरले की मागे सरायचं, का म्हणून विचारायचं नाही. या रीतीने आजवर कुणाचा हात भाजला नव्हता की कुणाचा डोळा गेला नव्हता. मग कागदाच्या बाबतीत तरी ती का मोडायची?

"अहो," मावशी अगदी हळू म्हणाली, "तुमच्या उस्तादांचं लग्न झालंय का?"

उस्ताद पक्के ब्रह्मचारी होते. मागे ना मूल, ना भाऊ, ना बहीण. त्यांनी जास्तीची पेन्शन घेतली ती बरोबरच होती. आणि त्यांचं बघून पाच संसारी माणसांनी आपापल्या बायकांच्या नावावर काट मारली होती.

मावशीला हसू आलं, आणि हसता हसता तिने डोळे पुसले. मुद्दाम टाकून दिलं नव्हतं, नुसतं विसरले होते. त्याचाही राग आलाच, पण तो सोसण्यासारखा होता.

काका पायात चपला सरकवून तसेच उस्तादांकडे गेले. उस्ताद ऐकता ऐकता खाली बसले.

"अरे, माझ्यामागे आहे कोण? मी माझ्यापुरतं बघितलं," ते म्हणाले. "तुमच्यातल्या एकाने तरी विचारायचं होतं, उस्ताद, असं का?"

"तुम्हाला कधी विचारलंय का?" काका म्हणाले.

उस्तादांनी टोपी घातली आणि त्याच संध्याकाळी राहिलेल्या चारही घरी स्वतः गेले. प्रत्येक दारात बाईला आधी हाक मारली आणि तिची माफी मागितली.

दुसऱ्या दिवशी पेन्शन कचेरीत पाचही जोड्या रांगेत उभ्या होत्या. उस्तादांचं तिथे काहीच काम नव्हतं; ते सगळ्या बायकांच्या पिशव्या सांभाळत बाकावर बसले होते.

खिडकीतल्या कारकुनाने नवा कागद पुढे केला. काकांनी खूण केली, या वेळी दुसऱ्या चौकटीत, आणि कागद मावशीकडे सरकवला. "इथे," ते म्हणाले आणि जीभ चावली.

"या वेळी वाचणार," मावशीने बजावलं. तिने चष्मा चढवला आणि बोट ठेवून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. कारकून उसासे टाकत होता, मागची रांग कान देऊन ऐकत होती. "निवृत्तिवेतनधारकाच्या मृत्यूनंतर," तिने वाचलं, आणि तिचं बोट तिथेच थांबलं. काल ती ज्यासाठी रुसली होती ते याच ओळीत होतं. पण तिच्या बाजूला तो निवृत्तिवेतनधारक धडधाकट उभा होता, शर्टाचं एक बटण चुकीच्या काजात घालून.

"कर गं सही," काका खालच्या आवाजात म्हणाले. "मी काय लगेच निघालो नाही."

मावशीने सही केली. चष्मा काढला, काकांचं बटण सोडवून नीट लावलं.

"केली सही," ती म्हणाली. "पण यातला एक पैसासुद्धा मला कधी मिळायला नको. सांगून ठेवते."