मिटलेल्या समुद्राची दोन वयं

सोयोलमाने चुलूनशी लग्न ठरवलं तेव्हा तिची आई कपाळाला हात लावून म्हणाली होती, "आधीच पोर दगड फोडत हिंडते, आता नवराही दगडच आणलान!" मंगोल भाषेत चुलून म्हणजे दगडच.

दोघंही उलानबातरच्या विद्यापीठात भूगर्भशास्त्र शिकवायची आणि दोघांचं भांडण एकाच समुद्रावरून चालायचं. आज घोडे चरतात तिथे एके काळी समुद्र होता, दोन बाजूंचे भूखंड सरकत जवळ आले आणि तो मिटला, इथवर एकमत. मिटला कधी, हा विषय निघाला की ताटातला भात गार झालाच म्हणून समजा.

चुलूनला पश्चिमेला, खांगाईच्या डोंगरात, दोन्ही भूखंडांच्या खडकांत घुसलेला ग्रॅनाइट सापडला होता. वय साडेएकवीस कोटी वर्षं.

"दोन्ही काठ शिवून टाकलेत त्याने. मग मधे समुद्र उरेल कुठून?"

सोयोलमाला पूर्वेला, ओनोन नदीपाशी, वेगळाच खडक मिळाला होता. समुद्राचा तळ भूखंडाखाली सरकत असतो तेव्हाच असा खडक जन्मतो. त्याचं वय निघालं सतरा कोटी. म्हणजे नवऱ्याने शिवून टाकल्यावर साडेचार कोटी वर्षांनीही समुद्र आपला उघडाच!

"तुझ्या नमुन्यात भलतीच माती मिसळली असणार," चुलून म्हणाला.

सोयोलमाचा पारा चढला. "मग चल ओनोनला. स्वतःच्या हाताने फोड."

गेली दोघं. खडक त्याने स्वतः निवडला, स्वतः फोडला, पोत्यात भरला. परतताना जीप दलदलीत रुतली, तेव्हा ओझं हलकं करायला पोतं खाली उतरवलं. सोयोलमा स्टिअरिंगवर बसली, चुलून मागून रेटायला लागला. गाडी एकदम निसटली आणि हा पालथा पडला. उठला तेव्हा चिखलातून नुसते डोळे दिसत होते.

"आता कळलं माती कुठून मिसळते ते?" ती हसत सुटली. तोही हसला, पण पोतं त्याने गुडघाभर चिखलातून छातीशी कवटाळून आणलं.

खडकातले झिरकॉन या खनिजाचे बारीक कण वेचून झाले. त्यांच्यातल्या युरेनियमचं हळूहळू शिसं होत जातं. शिसं किती झालं त्यावरून खडकाचं वय कळतं. आकडा आला: सतरा कोटी.

 चुलूनने आपला खांगाईचा ग्रॅनाइट पुन्हा तपासायला घेतला. आपणच जिंकलो असं सोयोलमाला वाटायला हवं होतं, पण त्याचा उतरलेला चेहरा बघून तिला जिंकल्याची मजाच येईना. त्याचा आकडा चुकू नये, असं तिला चक्क वाटू लागलं.

तो आकडाही जागचा हलला नाही.

मग सकाळी चहा पिताना तिच्या लक्षात आलं, इतकी वर्षं दोघांचे नकाशे वेगवेगळ्या भिंतींवर होते. तिने दोन्ही खुणा एकाच नकाशावर केल्या. बराच वेळ बघत राहिली. मग दोन्ही मनगटं खांगाईवर जुळवून तिने पंजे ओनोनकडे फाकवले आणि हळूहळू मिटत आणले.

"चुलून, हा एकदम मिटलाच नाही रे! पश्चिमेला आधी, पूर्वेला मागाहून. कातरीसारखा."

"म्हणजे मी बरोबर?"

"आणि मीही."

"या घरात हे पहिल्यांदाच घडतंय," तो म्हणाला.

पण खरं कशावरून? मधल्या भागात दोन्ही काठ शिवणारा खडक मिळायला हवा होता आणि त्याचं वयही मधलंच यायला हवं होतं. पुढचा उन्हाळा दोघांनी त्यापायी घालवला. टेकड्या पालथ्या घातल्या, एकमेकांवर खेकसली आणि अखेर एका घळीत दोन्हीकडच्या खडकांतून आरपार गेलेला गुलाबी ग्रॅनाइट गाठला.

त्याचा आकडा आला तेव्हा चुलून वर्गात शिकवत होता. सोयोलमा धावत गेली आणि दार ढकलून ओरडली, "सव्वाएकोणीस कोटी!"

चुलूनच्या हातातला खडू गळाला. तो तिथेच खुर्चीत बसला आणि पोट धरून हसू लागला.

"काय झालं, सर?" पुढच्या बाकावरच्या मुलीने घाबरून विचारलं.

"समुद्र मिटला," तो डोळे पुसत म्हणाला. "तासही मिटला. पळा आता!"