मालनच्या दारातलं गाऱ्हाणं

केरू आमच्याच गावचा, वरच्या वाडीतला. पण राजापूरच्या सदूशेट सावकाराकडे वसुलीला राहिल्यापासून त्याच्या अंगात वारं शिरलं होतं. माझ्या शेजारणीच्या, मालनच्या, दारात तो रोज सकाळी येऊन बसायचा. पायरीवर ऐसपैस बसून तंबाखू मळायची, आणि शिवणाच्या क्लासला येणारी एखादी पोर पाणंदीत दिसली की तिला ऐकू जाईल असं ओरडायचं, "अगो, ही बाय बुडवी हाय! हिच्याकडं कापड दिलास तर परत मिळायचा नाय!" माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

मालन बुडवी नव्हती. गिरण्यांच्या संपात तिच्या नवऱ्याची नोकरी गेली, तो मुंबईतच हमाली करत राहिला. इकडे मालननं सदूशेटकडून कर्ज काढून शिवणाची दोन मशीनं घेतली आणि ओटीवर क्लास सुरू केला. वर्षभर हप्ते नीट गेले. मग पावसाळ्यात नवरा तापानं आडवा झाला, त्याच्या औषधाला पैसे धाडले आणि तीन हप्ते थकले. तेवढ्यावर केरू येऊन बसला. आता गंमत बघा, केरू बसला म्हणून पोरी यायच्या थांबल्या, आणि पोरी थांबल्या म्हणून हप्ता भरायला काही उरेना. असली वसुली करणाऱ्याची अक्कल मी कुठल्या तराजूत तोलू?

"हा हितनं उठला नाय तर मशीनं विकायची पाळी येल," मालन मला म्हणाली. "मशीनं गेली का मी गेले, कमळावयनी. मग मोलमजुरी, नायतर मुंबैची खोली."

राजापूरच्या कोर्टात गरिबांना फुकट कायद्याचा सल्ला देतात असं मी ऐकलं होतं. शिमग्याच्या आधी एके दिवशी मी तिला एसटीत कोंबून घेऊन गेले. हरिश्चंद्र वकील म्हणून एक तरुण माणूस भेटला. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"कर्ज फेडावं लागेल," तो म्हणाला. "त्यात सूट नाही."

"फेडणार हाय ना मी," मालन म्हणाली.

"मग घाबरू नका. सावकारी कायद्यात स्पष्ट आहे. कर्जदाराच्या दारात ठिय्या मारणं, पाठलाग करणं, धमकावणं, हा गुन्हा आहे. त्याची शिक्षाही आहे. पैसे हवे असतील तर सावकारानं कोर्टात दावा लावावा. तुमच्या दारात माणूस बसवायचा हक्क त्याला कुणी दिलेला नाही."

मालनचा चेहरा मी बघत होते. एवढा वेळ ती खुर्चीच्या टोकाला बसली होती, आता मागं टेकली.

"पण साक्षीदार लागतील," वकील म्हणाला. "गावातले दोघं-चौघं पोलिसांपुढं सांगायला हवेत, की आम्ही हे डोळ्यांनी पाहिलं."

तिथंच घोडं अडलं. गावातल्या निम्म्या घरांनी सदूशेटकडून कधी ना कधी पैसे उचललेले. ज्याच्याकडे जावं तो हात वर करी. गावचे मानकरी भागोजीकाका तर वयानं मोठे, शब्दाला वजन असलेले. ते म्हणाले, "पोरी, मी बघितलाय सगला. पण पोलिसात जायाचा मला सांगू नको. मी म्हातारा मानूस." मी रागानं चपला पायात सरकवल्या. मालन मात्र शांत होती. घरी येताना ती एकदम म्हणाली, "शिमग्याला पालखी माझ्या दारात येल ना, वयनी?"

"येल नाय तर काय? दर वर्षी येते."

ती झपझप घराकडे चालू लागली.

आमच्याकडे शिमग्यात देवाची पालखी घरोघरी फिरते. दारात पालखी टेकली की घरच्या माणसानं नारळ ठेवायचा, आपलं म्हणणं मानकऱ्याच्या कानात सांगायचं, आणि मानकऱ्यानं ते मोठ्यानं देवापुढं घालायचं. याला गाऱ्हाणं म्हणतात. मानकऱ्यानं त्यात कमी-जास्त करायचं नाही, आणि नको म्हणायचं तर नाहीच. प्रत्येक वाक्याला जमलेल्या सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं, ही पिढ्यान्पिढ्याची रीत.

सदूशेट शहरातला माणूस, त्याला गाऱ्हाण्याची रीत ठाऊक नव्हती. पालखीच्या दिवशी सगळं गाव मालनच्या दारात जमेल, तेव्हा केरू तिथं बसलेला असला की तिची अब्रू जाईल, असा त्यानं हिशेब केला. केरूला त्यानं तसं बजावून धाडलं. केरूही सकाळपासून पायरीवर.

ढोल वाजत पालखी आली. मालननं अंगण सारवलं होतं, रांगोळी काढली होती. देव दारात आला म्हटल्यावर केरूला बसून राहता येईना. तो उठला, टोपी सारखी केली, हात जोडून गर्दीत उभा राहिला. मालननं नारळ ठेवला आणि भागोजीकाकांच्या कानाशी लागली. काकांचा चेहरा पडला. त्यांनी एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा देवाकडे, आणि घसा साफ केला.

"बा देवा म्हाराजा! ह्या मालननं तुज्या पुढ्यात नारळ ठेवलान हाय, तो मान्य करून घे!"

"व्हय म्हाराजा!"

"तिचा घो मुंबैला राबताय, त्येला हातीपायी धड ठेव!"

"व्हय म्हाराजा!"

"तिनं कर्ज काढलान हाय, ता ती पै-पै फेडणार हाय!"

"व्हय म्हाराजा!"

काका थांबले. मग आवाज आणखी चढवून म्हणाले, "पन सावकाराचा मानूस रोज येऊन तिच्या दारात बसताय, पोरींना परत धाडताय, तिला नको नको ता बोलताय, ता आमी समद्यांनी डोल्यांनी बघितलाव!"

"व्हय म्हाराजा!"

आवाज घुमला. आणि त्यात सगळ्यांत मोठा आवाज केरूचा. लहानपणापासून पालखीला खांदा देणारा माणूस तो, गाऱ्हाण्याला "व्हय" म्हणणं त्याच्या हाडात होतं. तोंडातून निघून गेलं आणि मग त्याला कळलं, आपण काय म्हटलं. त्याचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळं अंगण हसलं. मला हसूही येत होतं आणि डोळेही भरून येत होते.

पालखी उठली. केरू परत पायरीवर बसला नाही. मान खाली घालून गेला.

दुसऱ्या दिवशी भागोजीकाका स्वतः आमच्या दारात आले, अंगात धुतलेला सदरा. "देवापुढं व्हय म्हटला," ते म्हणाले, "आता फौजदारापुढं नाय कसा म्हनू? चल गो, तुज्या त्या वकिलाकडं." त्यांच्या मागं वाडीतले आणखी चौघं होते. कुणालाच आता आपण काही बघितलं नाही असं म्हणता येण्यासारखं नव्हतं.

फौजदारानं सदूशेटला बोलावून घेतलं, कायदा वाचून दाखवला आणि सावकारीचा परवाना जाऊ शकतो हेही सांगितलं. शेटची मिजास तिथंच उतरली. पुढचे हप्ते मालननं मनीऑर्डरनं पाठवायचे आणि शेटनं प्रत्येकाची पावती द्यायची, असं ठरलं. केरूनं नोकरी सोडली की शेटनं त्याला काढलं, मला नक्की सांगता येत नाही.

मालननं दोन्ही मशीनं पुसून ओटीवर मांडली. पहिल्या दिवशी कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पोरींच्या आयांच्या मनातली अढी जायला कायदा पुरत नाही, हे तेव्हा समजलं. मी धीर द्यायला जाऊन बसायचे आणि दोघी नुसत्या पाणंदीकडे बघायचो.

तिसऱ्या दिवशी अंगणाच्या कडेला एक बाई येऊन उभी राहिली. केरूची बायको, हौसा. बरोबर चौदा-पंधरा वर्षांची मुलगी, हातात ब्लाउजचं कापड. हौसा पायरीपाशी यायला धजत नव्हती.

"ह्यांनी धाडलानी," ती खालच्या मानेनं म्हणाली. "पोरीला शिकवशील काय, इचारलानी."

माझ्या ओठांवर 'नाही' आलंच होतं. त्या माणसानं मालनचा संसार उठवायला घेतला होता, आणि आता बायकोला पुढं करतो. मी मालनकडे बघितलं. ती त्या मुलीकडे बघत होती. मुलगी कापडाचं टोक बोटाला गुंडाळत होती.

मालननं तिच्यासाठी मशीनपुढचं स्टूल ओढलं.

"दारात कशाला उभी? आत ये, बाय," ती म्हणाली. "धागा ओवता येतो काय तुला?"